चांगलं सचित्र भाषण मुलांना दाखवलं, तर त्यांनी त्यातलं नेमकं काय उचलायचं?

राळेगावची_बाई

नमस्कार मंडळी. मी राळेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. यंदा आमची आठवीतली एक मुलगी माहितीपर भाषणाच्या स्पर्धेसाठी निवडली गेली आहे. ७ मिनिटं वेळ, चार्ट, मॉडेल, वस्तू काहीही वापरायला मुभा. विषय तिनंच घेतला: पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, गुलाबी बोंडअळी. घरी पाच एकर वावर आहे, विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.

तयारी म्हणून मी मुलांना गेल्या वर्षीच्या एका भाषणाचा व्हिडिओ दाखवला. नववीतला मुलगा, विषय लोणारचं सरोवर. मुलगा खरंच छान बोलला होता. टेबलावर एक ताट, वर रुमाल झाकलेला. दोन-अडीच मिनिटं तो ताटाकडे बघतही नाही. लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद, बेसाल्ट खडकातलं, लोकांना आधी ज्वालामुखीचं वाटायचं वगैरे सांगतो. मग विचारतो, "एवढा मोठा गोल खड्डा खणला कोणी?" आणि रुमाल काढतो. ताटात कोरडी कणीक, वर लाल तिखटाचा पातळ थर. वरून गोटी सोडतो. मधे खड्डा, भोवती पांढरी कणीक उडून लाल तिखटावर पसरलेली. ताट तिरपं करून सगळ्यांना दाखवतो आणि म्हणतो, "माझी गोटी कणकेत तशीच आहे. खरी उल्का इतक्या वेगानं येते की तिचा बराचसा भाग वितळून, वाफ होऊन जातो. म्हणून हे ताट अर्धंच खरं आहे." आणि ताट परत झाकतो.

मला वाटलं, मुलं यातून शिकतील. शिकली म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी तीन जण घरून कणकेचं ताट घेऊन आले! एकाचा विषय सौरऊर्जा, एकाचा रक्तगट, आणि आमच्या या बाईसाहेबांची बोंडअळी. मी म्हटलं, "अळीचा आणि कणकेचा काय गं संबंध?" तर म्हणते, "बाई, ताट काढल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ना."

ताट घरी पाठवलं. मग तिनं पाच चार्ट केले आणि सगळे आधीच फळ्यावर लावून ठेवले. अळीचं जीवनचक्र, नुकसान, उपाय, बीटीचा (अळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीचा) इतिहास, कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारा). ती पहिल्या चार्टवर बोलत होती तोवर सातवीची मुलं पाचवा वाचून मोकळी झाली. त्यात पाठ श्रोत्यांकडे, तोंड फळ्याकडे. खिडकीतून वारा आला की कार्डशीट गुंडाळी होऊन वर जायचं, ती एका हातानं धरून बोलायची.

चांगलं भाषण मुलांना नेमकं कसं दाखवायचं, म्हणजे ती त्यातलं ताट न उचलता युक्ती उचलतील? कोणी असं करून घेतलंय का?

निवृत्त_मास्तर_आर्वी

बाई, पोरांनी ताट उचललं हे बरंच झालं. काहीतरी उचलायचं असतं हे त्यांना कळलं. आमच्या वेळी व्हिडिओ नव्हते, पोरं सरळ मागच्या वर्षीच्या पोराचं भाषणच पाठ करायची, त्यातल्या चुकांसकट.

तुम्ही लिहिलंत त्यात मला सगळ्यात भारी वाटला तो रुमाल. तुमच्या पोरांनी ताट पाहिलं, रुमाल पाहिला नाही. एकदा विचारून पाहा: ताट सुरुवातीपासून उघडं असतं तर काय झालं असतं? त्यानं ते परत का झाकलं? सगळे कणकेकडे बघत बसले असते आणि उल्का बिचारी हवेत विरून गेली असती.

मी पुढे पुढे पोरांकडून असं करून घ्यायचो. एकच भाषण तीनदा. पहिल्यांदा मोबाइल टेबलावर पालथा, नुसतं ऐकायचं. जिथं डोक्यात काही उभं राहत नाही तिथं वहीत फुली. ह्या फुल्या म्हणजे चित्राची जागा. चांगल्या भाषणात तुम्हाला दिसेल, त्या पोरानं बरोबर तिथंच काहीतरी बाहेर काढलंय. जिथं ऐकूनच समजतं तिथं त्यानं उगाच काही दाखवलेलं नाही.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहायचं. हात कुठं जातो, नजर कुठं, वस्तूकडे बोट दाखवल्यावर तोंड परत लोकांकडे कधी वळतं. याची गंमत अशी की पोरांना हसू येतं आणि त्या हसण्यात ती बरंच काही टिपून घेतात. तुमच्या मुलीला तिचाच पाठमोरा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवा. पुन्हा सांगावं लागणार नाही.

तिसऱ्यांदा घड्याळ लावून. आपण पाठ टाचण काढायचो तसे उभे रकाने आखायचे: किती मिनिटाला वस्तू आली, त्याआधी वक्ता काय म्हणाला होता, किती वेळ राहिली, कशी गेली. लोणारच्या पोराचं टाचण काढलंत तर "आधी काय म्हणाला" ह्या रकान्यात एक प्रश्न सापडेल. "खड्डा खणला कोणी?" लोकांच्या मनात प्रश्न उभा राहिला, मगच ताट उघडलं. तुमच्या मुलीच्या पाच चार्टांपैकी एकाआधी तरी प्रश्न आहे का? मला वाटतं नसणार. ते चार्ट म्हणजे पुस्तकाची पानं आहेत, फळ्यावर टांगलेली.

आणि तो शेवटचा "अर्धंच खरं आहे" वाला भाग. शंभरातलं एखादं पोर हे करतं. मॉडेल कुठं खोटं पडतं हे वक्त्यानंच सांगितलं की परीक्षकाच्या हातातली काठीच निघून जाते. तो तेच विचारायला टपलेला असतो.

आता बोंडअळी. मी कास्तकाराचाच पोरगा आहे, म्हणून सांगतो. या विषयात लोकांच्या मनातला खरा प्रश्न एकच आहे: एवढे फवारे मारूनही ही अळी मरत काहून नाही? बाकी जीवनचक्र वगैरे पुस्तकात आहे. उत्तर बोंडाच्या आत आहे. बारीक अळी बोंडात शिरते, शिरलेलं छिद्र भरून येतं, बोंड बाहेरून हिरवंगार. औषध सालीवर, अळी आत सरकी खात बसलेली. म्हणून मोठं बोंड करा, बंद. ते लोकांसमोर धरा, विचारा "यात काही दिसतं का?" मग उघडा.

खरं बोंड चालणार नाही का? चालेल, पण तिसऱ्या रांगेपलीकडे ते हिरवी गोटी दिसेल. आणि रांगांमधून फिरवू नका. वस्तू फिरायला लागली की माना खाली जातात, पोर एकटं बोलत राहतं. फिरवायचंच तर भाषण झाल्यावर.

अक्षरांबद्दल एक जुना हिशेब आहे, बसणाऱ्यापासून १० फुटांना १ इंच. सभागृह ४० फूट असेल तर ४ इंचाचं अक्षर. त्या मापानं लिहायला बसली की चार्टवर तीन शब्दांपलीकडे मावत नाहीत, आणि तेच पाहिजे.

अवांतर: आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन आधी गाव झाडलं आणि मग रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारले. दृश्य साधन म्हणजे काय ते आम्हाला डीएडला शिकवायच्या कितीतरी आधी विदर्भाला माहीत होतं.

धुऱ्यावरची_तूर

मॅडम, मी वाशिम जिल्ह्यातली, आता पुण्यात शिकून राहिली. दहावीत असताना माह्या भाषणाचा विषय होता तुरीच्या मुळावरच्या गाठी. मी धुऱ्यावरचं अख्खं झाड उपटून बादलीत धुऊन नेलं होतं. लय हुशारी वाटत होती मले. वर्गात सराव केला त मागच्या बाकावरचे पोट्टे म्हणे, "हे काय, झाडू आणला काय?"

मंग मास्तरनं सांगितलं का मोठं कर. सुतळीच्या मुळ्या केल्या, त्यावर लाडवाएवढे कागदी गोळे चिकटवले. एक गोळा मधून कापलेला, आत गुलाबी रंग. गाठ जिवंत आणि काम करणारी, म्हणजे हवेतला नत्र झाडाले देणारी, असली त आतून गुलाबी दिसते, हेच मले सांगायचं होतं. नत्र नत्र करून दोन मिनिटं बोलली असती त कोनाले समजलं नसतं.

दोन गोष्टी सांगतो. एक, सरावाले मागच्या रांगेत मायले बसवा. माह्या मायले वाचता येत नाही. तिनं चार्ट पाहून इचारलं, "हे काळं काळं काय आहे वो?" ते काळं काळं म्हणजे मी रात्री जागून लिहिलेले बारा ओळी होत्या! काढून टाकल्या सगळ्या. फक्त चित्र ठेवलं. मायले समजलं म्हणजे सगळ्याइले समजते.

दुसरं, प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका. तालुक्याले माह्या नंबरच्या आधी एका पोरीचं पीपीटी होतं, फार सुंदर. चौथ्या स्लाइडले लाइन गेली. ते बिचारी "लाइन आली का सांगते" म्हणून उभी राहिली त उभीच. वेळ संपला. तिले सगळं माहीत होतं हो, पण ते सगळं त्या पेटीत होतं.

कार्डशीट उडते त्याचा उपाय सोपा आहे. तुराट्यांची चौकट बांधा, खालून एक आडवी काडी, कपड्याचे चिमटे लावा. आमच्या इथं पुण्यात लोक त्याले इझल म्हणतात आणि पैसे देतात.

पुण्यात आल्यावर मी अमेरिकेतल्या शाळकरी वयाच्या पोरांचे व्हिडिओ पाहिले. तिकडे स्टोआ नावाच्या स्पर्धेत एक्स्पोझिटरी म्हणून हाच प्रकार आहे, १० मिनिटांपर्यंत, पाठ करून आणि चित्रं दाखवून. मी पाहिलेल्या एका पोरीनं दर दोन चित्रांच्या मधात एक कोरा काळा बोर्ड ठेवला होता. चित्राचं काम झालं की काळा समोर. तुमच्या लोणारवाल्याचा रुमाल तोच आहे.

फ्लेक्स_पीडित

सगळं बरोबर आहे, पण शेवटी परीक्षक रंगीत फ्लेक्स पाहून मार्क देतात हेही लिहा ना कोणीतरी. आमच्या मुलानं हातानं मॉडेल केलं, पहिला आला तो ज्याच्या वडिलांनी शहरातून १० फुटी फ्लेक्स छापून आणला होता. पोरानं फ्लेक्स वाचला फक्त. मॉडेल अजून माळ्यावर आहे.

राळेगावची_बाई

@फ्लेक्स_पीडित दादा, होतं असं, नाही म्हणत नाही. आम्हीही भोगलंय. पण माझ्या मुलीकडे फ्लेक्सचे पैसे नाहीत, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला आहे.

@मास्तर, काल तिला मोबाइल पालथा ठेवून लोणारचं ऐकवलं. बरोबर ताटाच्या जागी फुली मारली! मग स्वतःचं भाषण मी वाचून दाखवलं, तर तिनं एकच फुली मारली. "अळी बोंडात शिरते" इथं. बाकी चार चार्ट कशासाठी केले होते ते तिलाही सांगता येईना. बोंड करायला घेतलंय, जुना फुटबॉल, वर कागदाचा लगदा, खायचा हिरवा रंग. मधून कापून कापडी पट्टीची बिजागरी. आतल्या अळीवरून मात्र घरात वाद चालू आहे. तिनं इंटरनेटवरून चित्र काढलं, हिरवी जाड अळी, अर्धी बोंडाबाहेर.

कृषी_सहाय्यक_घाटंजी

बाई, थांबा. ते चित्र वापरू नका. हिरवी, जाड, अर्धं अंग बोंडाबाहेर ठेवून खाणारी ती अमेरिकन बोंडअळी. बोंडावर मोठं गोल छिद्र दिसतं ते तिचं. गुलाबीचं तसं नाही, आणि तुमच्या मुलीचा सगळा मुद्दाच त्या फरकावर उभा आहे. कास्तकारही यात फसतात, छिद्र दिसत नाही म्हणून निश्चिंत राहतात.

गुलाबी अळी लहान असताना पांढुरकी असते, मोठी झाली की गुलाबी होते. म्हणजे नावावर जाऊन पहिल्या दिवसापासून गुलाबी रंगवली तर तेही चूक. मॉडेलमध्ये दोन अळ्या ठेवल्या, एक बारीक पांढरी आणि एक गुलाबी, तर एका उघडण्यात दोन गोष्टी सांगून होतील. आत सरकी पोखरलेली आणि कापूस डागाळलेला दाखवा. कधीकधी अळी दोन सरक्या एकमेकींना जोडून मध्ये बसते, तेही करता आलं तर बहार.

बोंडाच्या आधी डोमकळी दाखवता येईल. फुलात अळी असली की पाकळ्या आतून जाळीनं बांधल्यासारख्या मिटून राहतात, गुलाबाच्या कळीसारख्या. गावातल्या प्रत्येकानं ती पाहिलेली असते आणि बहुतेकांना ते फूल अजून उमललं नाही असंच वाटतं. एक खरी डोमकळी आणि एक उमललेलं फूल, दोन हातात दोन. याला चार्ट लागत नाही.

आकडे थोडेच ठेवा, पण बरोबर ठेवा. देशात बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा बीजी-२ २००६ मध्ये. गुलाबी अळी पुढे दोन्हीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. फरदड ठेवणं, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवणं, हे अळीला पुढच्या वर्षापर्यंत दाणापाणी देण्यासारखं. सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ पतंग सापडले, किंवा २० हिरवी बोंडं फोडून २ मध्ये जिवंत अळी निघाली, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं, आता उपाय करा. माझ्या मते ही २० बोंडांची गोष्ट तिच्या भाषणात हवीच. मोजायला काहीच लागत नाही, हात लागतात फक्त.

कामगंध सापळा लागला तर मी देतो, जुना आहे एक. त्याचं ल्युअर (वासाची वडी) बदलून घ्या, नाहीतर रिकामी पिशवी दाखवावी लागेल.

राळेगावची_बाई

सापळ्यासाठी खूप आभार सर, शनिवारी न्यायला येते.

सगळ्यांना कळवते. आज शाळेत पूर्ण सराव झाला. मागच्या रांगेत तिची आजी आणि अंगणवाडीतल्या ताई बसवल्या. टेबलावर ताट होतंच, हट्टानं आणलेलं, रुमाल झाकून! मी म्हटलं, परत कणीक का. तर आत वडिलांच्या वावरातली २० हिरवी बोंडं. आधी फुटबॉलवालं मोठं बोंड हातात धरून विचारलं, "यात काही दिसतं का?" आजी मागून ओरडली, "चांगलं आहे की बोंड." मग उघडलं. बिजागरी थोडी अडकली, दोन सेकंद ओढाताण झाली, पण त्यानं उलट सगळ्यांच्या माना पुढे आल्या. मग रुमाल काढून म्हणाली, "हे मोठं बोंड मी केलेलं आहे, खऱ्यात अळी इतकी नीट मधोमध बसलेली नसते. ही बाबांच्या वावरातली आहेत." आणि खरं बोंड दातांनी नाही, अडकित्त्यानं फोडलं. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात निघाली. कोणाला दिसली नसेल, एवढीशी पांढरी, पण तिच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं.

तोंड फक्त एकदा फळ्याकडे गेलं. चार्ट पाचावरून एकावर आला, तोही तुराट्यांच्या चौकटीवर.

आता नवीन अडचण. भाषण ८ मिनिटं १० सेकंद झालं. मी म्हटलं २०१७ चा भाग काढू. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, ते ती सांगते, आणि घरची पऱ्हाटी न वेचता उपटली तेही. दोन्ही मिळून सव्वा मिनिट. ती ऐकायला तयार नाही. म्हणते, "बाई, ते बाबांचं साल आहे, ते नाही काढायचं." मग ७० सेकंद कुठून आणू?

निवृत्त_मास्तर_आर्वी

२०१७ ला हात लावू नका.

सुरुवात काय आहे? "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" आहे ना? त्यानंतर एक सुविचार, मग "मला हा विषय मांडण्याची संधी दिल्याबद्दल" वगैरे? आणि शेवटी पुन्हा आभार आणि चारोळी?

घड्याळ लावून मोजा.

राळेगावची_बाई

मोजलं. ६४ सेकंद निघाले. चारोळी माझीच होती.

धुऱ्यावरची_तूर

बाकीचे ६ सेकंद बिजागरीले तेल लावा.